पडद्याखालचे पाणी

दाराची चौकट मध्येच पोट काढल्यासारखी दिसते. वर्तमानपत्रातली ओळ सरळ जात नाही, एका ठिकाणी खाली घसरते आणि पुढे पुन्हा वर येते. एक डोळा झाकला की वाकडेपणा नाहीसा होतो, दुसरा झाकला की तोच बाक पुन्हा समोर. ही तक्रार घेऊन पडद्याच्या डॉक्टरांकडे पस्तिशीचा नोकरदार माणूस येतो, तशीच पंचाहत्तरीची आजीही येते. बाहुली मोठी करायचे थेंब घालून डॉक्टर आत पाहतात, तेव्हा दोघांच्याही डोळ्यात मध्यभागी पडदा किंचित उचलला गेलेला असतो आणि त्याखाली पाणी साठलेले असते.

त्या माणसाला डॉक्टर सांगतात, ‘‘घाबरू नका, तीन महिने वाट पाहू.’’ आजींना सांगतात, ‘‘आजी, इंजेक्शन याच आठवड्यात घ्यायला हवं.’’ हे दोन सल्ले उलटसुलट झाले तर पहिल्याच्या डोळ्यात विनाकारण सुई जात राहील. आजींची मात्र वाचायची, समोरचा चेहरा ओळखायची नजर त्या तीन महिन्यांत कायमची जाऊ शकते. पाणी दोन्हीकडे पाणीच. ते कुठून आले हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. डोळ्याच्या पडद्याची चित्रे काढण्याच्या तंत्राचा गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास मला तरी या एकाच प्रश्नाचा पाठलाग वाटतो.

आधी जागा पाहू. डोळ्याच्या मागच्या आतल्या भिंतीवर पडदा, म्हणजे दृष्टिपटल, पसरलेले असते. त्याच्या मधोमध साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाचा पीतबिंदू आणि पीतबिंदूच्या मध्यभागी फोव्हिया नावाचा इवलासा खळगा. सुईत दोरा ओवणे, बसची पाटी वाचणे, तांदूळ निवडणे ही सगळी बारीक नजर या खळग्याच्या भरवशावर चालते. इथे पडद्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या खाली रंजकपेशींचा एकेरी थर, त्याखाली ब्रुखचा पातळ पापुद्रा आणि सगळ्यांत खाली कोरॉइड, म्हणजे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. वजनाच्या मानाने शरीरातल्या फार थोड्या ऊतींमधून इतके रक्त वाहते. वर कोरडा राहायला हवा असा पडदा आणि खाली भरून वाहणारे रक्त, या दोघांमध्ये रंजकपेशींचा तो एकेरी थर बांधासारखा उभा असतो. तो नुसता अडवत नाही. वर झिरपलेले पाणी ओढून खाली कोरॉइडकडे ढकलण्याचे कामही रात्रंदिवस करतो.

पावसाळ्यात स्लॅबला ओल येते तेव्हा जाणता गवंडी ओलीच्या डागाकडे फार वेळ पाहत बसत नाही. गच्चीला भेग आहे का, वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची पाइप फुटली आहे का, हे तो विचारतो. डाग एके ठिकाणी आणि भेग भलतीकडेच, असे नेहमी होते. पडद्याखालच्या पाण्याचेही तसेच आहे. वयोमानानुसार पीतबिंदूचा जो ऱ्हास होतो, त्याच्या ओल्या प्रकारात कोरॉइडमधून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात, ब्रुखचा पापुद्रा फोडून वर येतात आणि पाझरतात, प्रसंगी फुटतात. सेंट्रल सीरस, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले ‘सीएससी’, या आजारात मुळात नवी वाहिनी नसते; खालचे कोरॉइड फुगून दाब वाढतो आणि रंजकपेशींचा बांध एखाद्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागी हार मानतो. पॉलिपॉइडल नावाच्या तिसऱ्या आजारात कोरॉइडच्या वाहिन्यांच्या टोकांना द्राक्षांसारखे फुगे धरतात. चौथा आजार या तिघांपेक्षा वेगळा आहे आणि सगळ्यांत जास्त फसवतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले. जिवंत माणसाचा पडदा डॉक्टरांना दिसू लागला, पण दिसला तो फक्त पृष्ठभाग. १८६६ मध्ये आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी सीएससीसारख्या, पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या आजाराचे वर्णन केले. पाणी येते कुठून हे मात्र त्यांच्या हयातीत कुणाला पाहता येणार नव्हते.

ते दिसले अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात, दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांमुळे. हॅरोल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड अल्विस यांना पडद्यातल्या रक्तप्रवाहाचे फोटो हवे होते. फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्येच बनवले होते. निळा प्रकाश पडला की ते हिरवट पिवळे उजळते. ते हाताच्या शिरेत टोचायचे आणि कॅमेऱ्यापुढे गाळण्या लावून डोळ्याचे फोटो भराभर काढायचे, अशी त्यांची कल्पना. पहिला प्रयोग कुणावर करायचा यासाठी दोघांनी नाणे उडवले आणि अल्विस यांच्या डोळ्याचे फोटो निघाले. त्यांचा निबंध १९६१ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदय आणि रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. आज गावोगावच्या नेत्रालयांत जी ‘एफएफए’ तपासणी होते ती हीच. रंग टोचल्यावर दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्यात पोचतो, काहींना क्षणभर मळमळते, कातडी काही तास पिवळसर दिसते आणि लघवीला दिवसभर गडद पिवळा रंग येतो.

या चित्रांचे वाचन जगाला शिकवले ते मायामीच्या डोनाल्ड गॅस यांनी. १९६७ च्या त्यांच्या निबंधमालेने पीतबिंदूच्या आजारांची भाषाच बदलली. सीएससीमध्ये रंग एका ठिपक्यातून बाहेर पडतो आणि कागदावर शाई पसरावी तसा पसरत जातो. काही रुग्णांत तो पाण्यातून सरळ वर चढतो आणि छताला लागलेल्या धुरासारखा दोन्ही बाजूंना फाकतो. हे धुराचे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही, आणि ते दिसले की निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. ओल्या ऱ्हासात मात्र सुरुवातीलाच नव्या वाहिन्यांची लेस विणल्यासारखी जाळी उजळते आणि मिनिटागणिक तिच्या कडा पुसट होत जातात, कारण रंग भिंतींतून झिरपत असतो.

पुस्तकात हे असे स्पष्ट असते. दवाखान्यात पन्नाशी-साठीच्या मधला माणूस येतो आणि सगळे धूसर होते. सीएससी वर्षानुवर्षे राहिला की त्याचा एक ठिपका उरत नाही. रंजकपेशी जागोजागी थकलेल्या असतात आणि रंग सगळीकडून अंधूकसा पाझरतो. नव्या वाहिन्यांची जाळी रंजकपेशींच्या खाली दडून बसली असेल तर तीही अशीच अंधूक उजळते. दोन आजार, जवळजवळ एकच चित्र. वयाचा आधार इथे तुटतो.

अशा वेळी मला सर्वांत बोलके वाटते ते अगदी साधे चित्र, ज्याला रंग टोचावा लागत नाही. रंजकपेशींत वयानुसार लिपोफ्युसिन नावाचा गाळ साठतो आणि निळ्या प्रकाशात तो आपोआप मंद उजळतो. त्या उजेडाचा फोटो म्हणजे ऑटोफ्लुओरेसन्स. जिथे पेशी त्रासात आहेत तिथे उजेड वाढतो, जिथे मेल्या तिथे काळोख होतो. जुन्या सीएससीमध्ये पडद्याखालचे पाणी वर्षानुवर्षे गुरुत्वाकर्षणाने हळूहळू खाली उतरत राहते आणि ज्या वाटेने उतरले ती वाट या फोटोत उमटते. गळक्या भिंतीवर पावसाळ्यामागून पावसाळ्याचे ओघळ राहावेत, तशी पीतबिंदूपासून खाली गेलेली लांबट पट्टी दिसते. रुग्ण म्हणतो, त्रास दोन महिन्यांचा आहे. ओघळ सांगतो, दुखणे कित्येक वर्षांचे आहे.

आणि इथेच डॉक्टरांनी एक प्रश्न विचारायला हवा, जो कोणत्याही यंत्रात नाही. ‘‘स्टिरॉइड घेता का?’’ या औषधांचा आणि सीएससीचा संबंध पक्का आहे. गोळ्या, सांध्यात घेतलेले इंजेक्शन, दम्याचा पंप, नाकात मारायचा फवारा, कातडीला लावायचे मलम, या सगळ्या वाटांनी घेतलेल्या स्टिरॉइडनंतर हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे खाजेवर किंवा रंग उजळण्यासाठी दुकानातून थेट घेतलेल्या मलमांत स्टिरॉइड असते आणि लावणाऱ्याला ते माहीतही नसते. म्हणून ‘नाही’ या उत्तरावर थांबू नये; घरातली मलमे, पुड्या, पंप पिशवीत घालून घेऊन या, असे सांगावे. मधुमेहामुळे पीतबिंदूला आलेल्या सुजेवर डोळ्यात स्टिरॉइड देतात आणि ती उतरते. सीएससीचे पाणी त्याच औषधाने वाढते. निदान चुकले तर उपचारच आजाराला खतपाणी घालतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण नेत्रवैद्यकात दुसरे क्वचितच असेल.

आता त्या तपासणीकडे, जिचे नाव आज रुग्णांच्याही तोंडी असते. ‘‘ओसीटी काढून आणा.’’ कल्पना सोनोग्राफीचीच, फक्त आवाजाच्या जागी प्रकाश. आतल्या प्रत्येक थरावरून प्रकाशाचा थोडा अंश परत फिरतो; जो थर खोल, तिथून परतायला जास्त वेळ. अडचण वेळ मोजण्याची. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे दोन थरांतला मायक्रॉनमधला फरक कोणत्याही घड्याळाला मोजता येत नाही. म्हणून किरणाचे दोन भाग करतात, एक डोळ्यात पाठवतात आणि दुसरा ठरावीक अंतरावरच्या आरशाकडे. परतलेले दोन किरण एकमेकांत मिसळले की त्यांच्या लहरींच्या मेळातून खोली कळते. १९९१ मध्ये डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये हे तंत्र मांडले. या तिघांना २०२३ मध्ये लॅस्कर पुरस्कार मिळाला. २००२ च्या सुमाराचे यंत्र सेकंदाला ४०० रेषा टिपत असे. आजची यंत्रे हजारोंनी टिपतात आणि पाचेक मायक्रॉनचा बारकावा दाखवतात. रुग्णाने हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे पाहायचे, काही सेकंदांत पडद्याचा उभा छेद पडद्यावर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, उमटतो. केक कापल्यावर थर दिसावेत तसा.

ओसीटीने पाण्याचा पत्ता अचूक सांगितला: थरांच्या आत, पडद्याखाली की रंजकपेशींच्याही खाली. पण कोरॉइडच्या तळापर्यंत तिची नजर सुरुवातीला पोचत नव्हती. २००८ मध्ये रिचर्ड स्पेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्र थोडे पुढे सरकवून, प्रतिमा उलटी घेऊन ती नजर खोल नेली. पुढच्याच वर्षी सीएससीच्या रुग्णांचे कोरॉइड मोजले तेव्हा सरासरी जाडी ५०५ मायक्रॉन निघाली. निरोगी डोळ्यात ती साधारण २५० ते ३०० असते. ज्या आजाराला दीर्घकाळ पडद्याचा आजार म्हटले, त्याचे मूळ दोन थर खाली होते हे एका छेदात दिसले. तेव्हापासून जाड कोरॉइड ही सीएससीच्या बाजूची साक्ष आणि दुसऱ्या डोळ्यातले ड्रूसेन, म्हणजे ब्रुखच्या पापुद्र्यावर साठलेले पिवळे ठिपके, ही वयोमानाच्या ऱ्हासाच्या बाजूची साक्ष मानली जाते.

साक्षी कधी कधी एकमेकींच्या विरोधात जातात. कोरॉइड जाड आहे, सीएससी जुना आहे, आणि छेदात रंजकपेशींची रेघ ब्रुखच्या रेघेपासून किंचित सुटून वेडीवाकडी पसरली आहे. त्या दोन रेघांमधल्या चिंचोळ्या फटीत नुसते पाणी आहे की तिथे नव्या वाहिन्यांनी घर केले आहे? जुन्या सीएससीत असे होते, म्हणजे पहिला आजार दुसऱ्याला जन्म देतो. इथे ओसीटी अँजिओग्राफी कामी येते. एकाच जागेचे छेद पाठोपाठ घ्यायचे. ऊती हलत नाहीत, त्यांचे चित्र तेच राहते. रक्तपेशी वाहतात, त्यांचे चित्र बदलते. बदललेले तेवढे वेगळे काढले की रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार, आणि शिरेत काही टोचायचे नाही. त्या फटीत जाळी दिसली तर ‘थांबू’ हा सल्ला मागे घ्यावा लागतो. या तपासणीची मर्यादाही समजून घ्यायला हवी. ती वाहते रक्त दाखवते, पाझर दाखवत नाही. आणि रक्त फार हळू फिरत असेल तर वाहिनी असूनही चित्र रिकामे येते.

हळू फिरणाऱ्या रक्ताचा आजार म्हणजे पॉलिपॉइडल. न्यू यॉर्कचे लॉरेन्स यानुझी यांनी १९८२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १९९० मध्ये त्यावर निबंध लिहिला. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत तो दुर्मीळ म्हणून नोंदला गेला. आशियातल्या डॉक्टरांनी शोधायला घेतला तेव्हा मात्र चित्र पालटले. ‘ओला ऱ्हास’ म्हणून आलेल्या आशियाई रुग्णांपैकी बऱ्याच मोठ्या हिश्शात, काही पाहण्यांत निम्म्याच्या आसपास, मूळ आजार हाच निघाला. भारतातल्या पडद्याच्या डॉक्टरांना तो नेहमी भेटतो. पाश्चात्त्य रुग्णांवरून बेतलेली मापे आपल्या डोळ्यांना जशीच्या तशी लावली तर काय सुटते, ते इथे दिसते. साठीच्या आसपासचा रुग्ण, पडद्याखाली अचानक मोठा रक्तस्राव, नारिंगी लाल गाठी आणि इंजेक्शनामागून इंजेक्शन देऊनही न आटणारे पाणी, अशी त्याची ओळख.

फ्लुओरेसिनने हे फुगे नीट दिसत नाहीत, कारण निळा-हिरवा प्रकाश रंजकपेशींच्या गडद थरात अडतो. त्यासाठी दुसरा रंग लागतो, इंडोसायनिन ग्रीन, दवाखान्याच्या भाषेत ‘आयसीजी’. तो अवरक्त प्रकाशात उजळतो आणि अवरक्त प्रकाश रंजकपेशींतून आरपार जातो. शिवाय या रंगाचे रेणू रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतात, म्हणून कोरॉइडच्या झिरझिरीत वाहिन्यांतूनही ते सहज बाहेर सांडत नाहीत. रंग टोचल्यापासून पहिल्या सहा मिनिटांत फुगे एकेक करून उजळतात, दिव्यांची माळ लागावी तसे. सिंगापूर, जपान, कोरिया आणि इतर आशियाई देशांत झालेल्या एव्हरेस्ट-२ या चाचणीत ३२२ रुग्ण होते. नुसत्या रॅनिबिझुमॅबच्या इंजेक्शनाने वर्षभरात ३४.७ टक्के रुग्णांचे फुगे पूर्ण मिटले; त्याच्या जोडीला व्हर्टेपॉर्फिन टोचून थंड लेसर दिला तेव्हा ६९.३ टक्के. नजरेतला फायदाही जोड उपचारात जास्त होता. नाव बरोबर पडल्याचा हा फरक.

पण आयसीजीचा रंग आणि तो टिपणारा कॅमेरा मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी असतो. सोलापूर-जळगावकडच्या तालुक्यातून निघालेल्या रुग्णाने त्यासाठी पुण्या-मुंबईला जायचे, सोबत एक माणूस न्यायचा, थेंबांमुळे दिवसभर अंधूक दिसत असताना परत यायचे, हे दर वेळी जमत नाही. म्हणून २०२१ मध्ये आशिया-पॅसिफिकमधल्या तज्ज्ञांनी केलेले काम मला मोलाचे वाटते. आयसीजी नसतानाही पॉलिपॉइडल ओळखायचा तर ओसीटीत काय पाहायचे, हे त्यांनी शोधले. रंजकपेशींच्या रेघेने डोंगराच्या सुळक्यासारखे टोक काढलेले असणे, त्या टोकाखाली अंगठीसारखे वर्तुळ दिसणे आणि वरून घेतलेल्या आडव्या ओसीटी चित्रात त्या थराचा गुंतागुंतीचा उंचवटा असणे. या तीन खुणा एकत्र आल्या तर निदान बऱ्याच खात्रीने करता येते. सुळका शेजारच्या एखाद्याच छेदात असतो, म्हणून मधला एक छेद छापून फाइलला लावला की काम झाले असे मानू नये. सगळे छेद, एक एक करून, पाहावे लागतात.

उरला चौथा, मॅक्टेल. पूर्ण नाव मॅक्युलर तेलांजिएक्टेशिया, प्रकार दुसरा. चाळिशी-पन्नाशीनंतर वाचताना शब्दातली अक्षरे गळायला लागतात. या रुग्णांपैकी अनेकांना मधुमेह असतो. एफएफए केली तर फोव्हियाच्या कानाकडच्या बाजूला रंग पाझरलेला दिसतो, ओसीटीत काळ्या पोकळ्या दिसतात आणि मधुमेहाची सूज म्हणून इंजेक्शने सुरू होतात. परंतु सुजेत पडदा जाड व्हायला हवा, आणि इथे तो जाड नसतो, उलट पातळ होत असतो. त्या काळ्या जागेत पाणी भरलेले नसते. तिथल्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. वरचा पापुद्रा त्या पोकळीवर कापड ताणावे तसा तरंगत राहतो.

निळ्या प्रकाशातला ऑटोफ्लुओरेसन्सचा फोटो इथे पुन्हा मदतीला येतो. पीतबिंदूला पिवळा रंग देणारी ल्युटिन आणि झिअॅक्झँथिन ही द्रव्ये शरीर बनवू शकत नाही. ती पालेभाज्या, मका अशा अन्नातून येतात आणि पीतबिंदूत साठतात. निळा प्रकाश ती शोषतात, म्हणून निरोगी डोळ्याच्या फोटोत मध्यभाग काळसर दिसतो. मॅक्टेलमध्ये ती साठवण नाहीशी होते आणि जो मध्य काळा असायला हवा तो उजळतो. छेदात फारसे काही दिसण्याआधीही हा बदल दिसू शकतो.

पूर्वी या रुग्णाला नाव सांगून ‘उपचार नाही’ म्हणावे लागे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी पहिल्या उपचाराला मान्यता दिली: डोळ्यात बसवायची एक लहानशी कुपी, जिच्यातल्या पेशी पडद्याच्या पेशींना टिकवून धरणारे प्रथिन सतत स्रवत राहतात. ती झीज मंदावते. गेलेले परत आणत नाही. म्हणजे आजार लवकर ओळखण्याला आता पूर्वी नव्हते असे वजन आले आहे.

म्हणून मधुमेहाच्या सुजेसाठी इंजेक्शने घेऊनही ज्याचे वाचन सुधारत नाही, अशा माणसाने जुने ओसीटी फेकू नयेत. चार वर्षांपूर्वीचा छेद आजच्या छेदाशेजारी ठेवला की सूज असेल तर ती मधल्या काळात कमी-जास्त झालेली दिसते, काळ्या जागा आकसलेल्या किंवा फुगलेल्या दिसतात. मॅक्टेलच्या रुग्णात पोकळी फोव्हियाच्या त्याच बाजूला असते, थोडी रुंदावलेली, आणि पडद्याची जाडी तेवढीच किंवा त्याहून कमी.